एक पुस्तक, दोन वाचक : लहान मुलांना वाचून दाखवायच्या चित्रपुस्तकांची निवड

चित्रपुस्तक एका वेळी दोघांनी वाचायचे असते. वाचता येणारे मोठे माणूस त्यातला मजकूर वाचते आणि अजून अक्षरे न ओळखणारे मूल त्याच वेळी त्यातली चित्रे वाचत असते. कानावर पडणारे शब्द आणि डोळ्यांपुढचे चित्र यांची गाठ मुलाच्या मनात पडते, तेव्हा गोष्ट पुरी होते. म्हणून अशा पुस्तकाची निवड करताना पहिला प्रश्न असा की, या पुस्तकाने दोघांनाही काम दिले आहे का? मजकुरानेच सगळे सांगून टाकले असेल तर चित्र शोभेपुरते उरते. चित्राने मजकुराची नुसती नक्कल केली असेल तर मुलाला शोधण्याजोगे काही राहत नाही. निवडीच्या बाकीच्या कसोट्या, म्हणजे वय, भाषा, विषय, कागद, किंमत, या प्रश्नाच्या आधाराने लावता येतात.

मराठी घरांत लहान मुलांच्या हाती जी चित्रे असलेली पुस्तके येतात त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला प्रकार अंकलिपीचा. तिच्यात चित्र अक्षराच्या सेवेला असते. अननस दिसला की ‘अ’ म्हणायचे, एवढाच त्याचा उपयोग. दुसरा प्रकार सचित्र गोष्टींचा. तिथे गोष्ट शब्दांतच पूर्ण असते आणि चार-सहा पानांनंतर एखादे चित्र येते. ते काढून टाकले तरी गोष्ट अडत नाही. तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने चित्रपुस्तकाचा. त्यात प्रत्येक पानावर चित्र असते आणि चित्र झाकले तर गोष्ट अर्धीच कळते. पहिल्या दोन प्रकारांची आपापली जागा आहे, पण मांडीवर मूल घेऊन वाचायला तिसराच प्रकार सर्वांत जास्त उपयोगी पडतो.

या श्रमविभागणीचा नमुना म्हणून पॅट हचिन्स यांच्या ‘रोझीज वॉक’ (१९६८) या इंग्रजी पुस्तकाकडे बोट दाखवले जाते. त्यात अवघे ३२ शब्द आहेत. एक कोंबडी शेतावर फेरफटका मारून जेवणाच्या वेळेला घरी परतते, इतकेच शब्द सांगतात. चित्रात मात्र तिच्या मागे एक कोल्हा लागलेला आहे आणि तो दर वेळी कुठे ना कुठे फजीत होतो. मजकुरात कोल्ह्याचा उल्लेखच नाही. त्यामुळे वाचणाऱ्याला ठाऊक नसलेली गोष्ट आपल्याला ठाऊक आहे अशा थाटात मूल ओरडून कोल्हा दाखवते. अक्षरे न येणाऱ्या मुलाला हे पुस्तक वाचकाचा मान देते.

मुलांसाठी चित्रे छापण्याची कल्पना जुनी आहे. मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांचे ‘ऑर्बिस पिक्टस’ १६५८ मध्ये न्युरेंबर्ग येथे निघाले. सुमारे दीडशे लाकडी ठशांच्या चित्रांतून त्यांनी जगाची ओळख लॅटिन आणि जर्मन शब्दांसह करून दिली. हे पुस्तक शिकवण्यासाठी होते. चित्राला गोष्ट सांगायला लावण्याचे श्रेय सहसा इंग्लंडच्या रँडॉल्फ कॅल्डेकॉट यांना दिले जाते. १८७८ पासून काही वर्षे दर नाताळात त्यांची दोन पुस्तके निघत. परंपरेने आलेल्या गाण्यांत जे नाही ते त्यांच्या चित्रांत घडे. अमेरिकेतील ग्रंथपालांची संघटना उत्कृष्ट चित्रपुस्तकाला १९३८ पासून जे पदक देते त्याला त्यांचेच नाव आहे. बिआट्रिक्स पॉटर यांनी पीटर नावाच्या सशाची गोष्ट आधी स्वखर्चाने छापली आणि १९०२ मध्ये ती प्रकाशकाकडून निघाली. पुस्तक लहानग्यांच्या हातात मावेल एवढेच हवे, हा त्यांचा आग्रह होता. पुस्तकाचा आकारही वाचनाचा भाग असतो, हे त्यातून पुढे आले. वांडा गाग यांच्या ‘मिलियन्स ऑफ कॅट्स’मध्ये (१९२८) समोरासमोरची दोन पाने मिळून एकच चित्र वाहते आणि मजकूर त्या प्रवाहाबरोबर वळतो. मॉरिस सेंडाक यांच्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’मध्ये (१९६३) मुलाची कल्पना फुलत जाते तसतसे चित्र पानावर पसरत जाते, शब्दांना बाहेर ढकलते, आणि मधली तीन जोडपाने निःशब्द होतात. त्या पानांवर वाचणाऱ्याने गप्प बसायचे असते.

मराठीत गोष्ट सांगण्याची परंपरा समृद्ध होती, पण ती तोंडी होती. शेणाच्या आणि मेणाच्या घरांची गोष्ट, भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट, या पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकाविना चालत आल्या. सांगणाऱ्या आजीचा आवाज, हातवारे आणि चेहरा हीच त्यांतली चित्रे. वा. गो. आपटे यांनी १९०६ मध्ये ‘आनंद’ मासिक सुरू केले आणि मुलांसाठी नियमित वाचन छापले जाऊ लागले, पण ते वाचता येणाऱ्या मुलांसाठी होते. शाळेत जाण्याआधीच्या मुलांचा विचार गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला केला. १९२६ मध्ये तिथे नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाईंनी गुजरातीत कथाकथनाचे शास्त्रच लिहिले. ताराबाईंनी हे काम पुढे महाराष्ट्रात, बोर्डी आणि कोसबाड इथे, नेले. बालवाडीत गोष्टीला हक्काचा वेळ मिळाला तो या चळवळीमुळे.

बहुरंगी छपाईची स्वस्त पुस्तके मात्र स्वातंत्र्यानंतर आली. १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट आणि व्यंगचित्रकार शंकर यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट या दोन संस्था उभ्या राहिल्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतली पुस्तके मराठीसह अनेक भारतीय भाषांत, सामान्य घराला परवडेल अशा किमतीत पोहोचली. त्याच काळात मॉस्कोत छापलेली, जाड कागदाची आणि दाट रंगांची सोव्हिएत पुस्तकेही मराठी अनुवादात मिळत. मूळ मराठीतून घडलेल्या चित्रपुस्तकाला सर्वांत ठळक रूप माधुरी पुरंदरे यांनी दिले. त्या लेखिका आहेत तशाच चित्रकारही असल्याने शब्दांनी किती सांगायचे आणि चित्रासाठी किती सोडायचे, हा निर्णय एकाच हातून होतो. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या मालिकांत मराठी मध्यमवर्गीय घरातली माणसे, त्यांची बोलण्याची ढब, स्वयंपाकघर आणि रुसवेफुगवे दिसतात. ज्योत्स्ना प्रकाशनाने अशा पुस्तकांना सातत्याने जागा दिली. चेन्नईच्या तुलिकाने १९९६ पासून एकच पुस्तक अनेक भारतीय भाषांत काढण्याची पद्धत रुळवली. त्यांत मराठीही आहे. २००४ मध्ये सुरू झालेल्या प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे मुक्त भांडार उघडले. तिथली पुस्तके फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, आणि कुणालाही आपल्या भाषेत आणता येतात. तेव्हा आज मराठी पालकापुढे किंवा अंगणवाडी सेविकेपुढे पुस्तके अजिबात नाहीत अशी स्थिती राहिलेली नाही. अडचण निवडीची आहे.

वाचून दाखवल्याने नेमके काय घडते, याचा अभ्यास गेल्या काही दशकांत पुष्कळ झाला आहे. कॅनडातील एव्हन्स आणि सेंट-ऑबिन यांनी २००५ मध्ये चार-पाच वर्षांच्या मुलांच्या नजरेचा माग काढला. पुस्तक वाचून दाखवले जात असताना मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावर असते, अक्षरांवर क्वचित जाते, असे त्यांना आढळले. म्हणजे मजकूर कितीही सुंदर असला तरी मुलाचे वाचन चित्रातूनच चालते. शब्दांचा साठा मात्र कानातून वाढतो. माँटॅग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये शंभर इंग्रजी चित्रपुस्तकांतला मजकूर आणि मोठी माणसे मुलांशी जे बोलतात ते बोलणे यांची तुलना केली. पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांची संख्या जास्त निघाली. कारण उघड आहे. घरातले बोलणे जेवण, अंघोळ, कपडे याभोवती फिरते. पुस्तकात गुहा, वादळ, शिडी, जहाज, हेवा हे सगळे येऊ शकते.

दोन निष्कर्ष थेट निवडीशी जोडलेले आहेत. हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या २०११ मधील प्रयोगात तीन वर्षांच्या काही मुलांना त्याच त्या गोष्टी पुन्हा वाचून दाखवल्या, तर काहींना नवे शब्द तितक्याच वेळा, पण वेगवेगळ्या गोष्टींतून ऐकवले. शब्द लक्षात राहिले ते पहिल्या गटाच्या. मूल तेच पुस्तक पुनःपुन्हा मागते यामागे हट्टापेक्षा शिकण्याची भूक असते. म्हणून पंचवीस बऱ्या पुस्तकांपेक्षा पंचवीस वेळा वाचता येईल असे एक चांगले पुस्तक घेणे शहाणपणाचे. दुसरा निष्कर्ष व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८ मधील अभ्यासाचा. वाचताना प्रश्न विचारून, मुलाच्या उत्तरात भर घालून, हळूहळू गोष्ट त्याच्याकडूनच वदवून घेणाऱ्या पालकांची मुले बोलण्यात नुसते ऐकणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. असे संभाषण सुचण्यासाठी पुस्तकातही थांबण्याच्या जागा लागतात. प्रत्येक पान मजकुराने गच्च भरलेले असेल तर बोलायला उसंत मिळत नाही.

वयानुसार निवड करताना मुलाचे डोळे, हात आणि गोष्ट धरून ठेवण्याची ताकद पाहावी. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटिमीटरवरचेच नीट दिसते. मांडीवरून आईचा चेहरा जितका लांब असतो तितकेच हे अंतर. पहिल्या वर्षात ठळक बाह्यरेषा, मोकळी पार्श्वभूमी, काळे-पांढरे किंवा भडक रंग, माणसांचे चेहरे असलेली जाड पुठ्ठ्याची पुस्तके योग्य. बाळ पुस्तक चावणार, आपटणार, उलटे धरणार, हे गृहीत धरावे. या वयात मजकुराचा अर्थ दुय्यम असतो, लय आणि ओळखीचा आवाज महत्त्वाचा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये वाचून दाखवणे अगदी जन्मापासून सुरू करण्याची शिफारस केली, ती याच अर्थाने.

एक ते दोन वर्षांचे मूल बोट दाखवू लागते. त्याला एका पानावर एक-दोनच वस्तू हव्यात आणि त्या त्याच्या रोजच्या जगातल्या हव्यात: वाटी, चप्पल, बादली, कुत्रा, रिक्षा, चांदोबा. सफरचंद आणि अस्वल हे परदेशी बाळपुस्तकांचे ठरलेले रहिवासी आहेत. मराठी मुलाच्या घरात केळे आणि मांजर आधी येतात. प्राण्यांचे आवाज, उघडायच्या झडपा, ‘कुठे गेला?’ आणि ‘हा बघ!’ असा लपंडाव या वयाला भावतो. दोन-तीन वर्षांच्या मुलाला क्रम कळू लागतो. उठणे, अंघोळ, बाजार, झोप अशा ओळखीच्या साखळ्या, पालुपद असलेल्या गोष्टी, एकामागून एक पात्र वाढत जाणारी रचना त्याला पुढचे पान ओळखण्याचा आनंद देते. पानाला एक-दोन वाक्ये पुरतात.

चौथ्या-पाचव्या वर्षी कथानक पेलते. पात्राला काहीतरी हवे असते, अडचण येते, ती सुटते किंवा सुटत नाही. शब्द एक सांगतात आणि चित्र दुसरेच दाखवते, यातली गंमत कळू लागते, कारण दुसऱ्याला ठाऊक नसलेले आपल्याला ठाऊक असू शकते ही जाण याच सुमारास पक्की होते. अंधार, हरवणे, नवे भावंड, पहिला शाळेचा दिवस या विषयांची पुस्तके आता उपयोगी पडतात. सहा ते आठ वर्षांचे मूल स्वतः अक्षरे लावू लागले की वाचून दाखवणे बंद करण्याची प्रथा आहे. ती नुकसानीची आहे. त्या वयात मूल जे वाचू शकते त्यापेक्षा कितीतरी अवघड गोष्ट ऐकून समजू शकते. स्वतः वाचायची सोपी पुस्तके आणि ऐकायची लांब पुस्तके असे दोन साठे काही वर्षे समांतर चालावेत.

मजकुराची परीक्षा डोळ्यांनी होत नाही. पान मोठ्याने वाचावे लागते. कागदावर गोजिरे दिसणारे वाक्य तोंडात अडखळत असेल तर ते पुस्तक दहाव्या वाचनापर्यंत टिकणार नाही. मराठीची बलस्थाने इथे कामाला येतात. धपकन, टुणकन, लुटूलुटू, खळखळ, गुबगुबीत, चुटचुटीत अशा नादाच्या शब्दांत अर्थ ध्वनीतच भरलेला असतो. मूल ते ऐकताच हसते आणि उचलते. क्रियापद वाक्याच्या शेवटी येत असल्याने काय घडले ते शेवटच्या शब्दापर्यंत राखून ठेवता येते. चांगला लेखक ते क्रियापद पान उलटल्यावर ठेवतो. पान उलटणे म्हणजे चित्रपुस्तकातला पडदा. डावीकडच्या पानावर उत्सुकता ताणली जाते, उजवीकडचे पान पालटले की ती फिटते. देवनागरी डावीकडून उजवीकडे वाचली जाते, म्हणून उजवीकडे धावणारे पात्र पुढे चाललेले वाटते आणि डावीकडे वळलेले घरी परतणारे किंवा अडलेले. उजवीकडून वाचल्या जाणाऱ्या उर्दूत हीच चित्रे उलटी लावावी लागतात.

लिखित आणि बोली रूपांचाही विचार करावा. ‘त्याने पाहिले’ आणि ‘त्यानं पाहिलं’ यांत दुसरे रूप कानाला जवळचे. अलीकडची बरीच पुस्तके बोलण्याचे रूपच छापतात. जुनी पुस्तके वाचताना वाचणारा आपसूक ते बोलीत वळवतो. घरातली बोली अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी असेल तर गोष्ट त्या बोलीत सांगून मग छापील मजकूर वाचावा. कोरकू, गोंडी, भिली किंवा वारली बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठी ही शाळेत भेटणारी दुसरी भाषा असते. त्यांना आधी शब्दविरहित किंवा अगदी थोड्या शब्दांची पुस्तके द्यावीत. चित्रावर स्वतःच्या भाषेत बोलता आले की मराठी शब्दाला टेकायला जागा मिळते. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांनाही हाच न्याय लागू पडतो. तिथे मराठी वाचू न शकणारे, पण उत्तम बोलणारे पालक असतात. निःशब्द पुस्तक त्यांची अडचण सोडवते.

अनुवादित पुस्तके टाळायची गरज नाही; अनुवाद पारखून घ्यावा. ‘त्याने आपले डोके हलवले’ असे वाक्य दिसले तर अनुवादक मराठीत विचार करत नव्हता, कारण मराठी माणूस मान डोलावतो किंवा नाही म्हणताना मान हलवतो. नात्यांचा गुंता आणखी कठीण. इंग्रजीतल्या एका शब्दाची मराठीत मावशी, आत्या, काकू, मामी अशी चार नाती होतात आणि चित्रावरून त्यांतली कोण ते कळत नाही. प्राण्यांचे लिंग हा तिसरा पेच. मराठीत खार ती, उंदीर तो आणि कासव ते. इंग्रजीतल्या खारूमुलाला मराठीत आणताना काही तरी मोडावेच लागते. एरिक कार्ल यांच्या जगप्रसिद्ध भुकेल्या सुरवंटासारखी (१९६९) गोष्ट घेतली तर सुरवंट ‘तो’ असतो आणि शेवटच्या पानावर ‘ते’ फुलपाखरू होते. अशा जागा कुशलतेने सांभाळणारा अनुवाद मूळ मराठी पुस्तकासारखाच वाचला जातो. कवितेतल्या पुस्तकांचे शब्दशः अनुवाद सहसा लंगडतात. यमकासाठी वाक्य उलटेपालटे केलेले दिसले की पुस्तक बाजूला ठेवावे.

चित्र पारखताना ‘सुंदर आहे का’ यापेक्षा ‘काय सांगते’ हे पाहावे. मजकूर हाताने झाकून पाने चाळली तर गोष्टीचा अंदाज यावा. मजकुरात नसलेले काही तपशील सापडावेत: कोपऱ्यात झोपलेले मांजर, प्रत्येक पानावर थोडा पुढे सरकणारा मुंगळा, खिडकीबाहेर बदलणारे आभाळ. दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात मूल याच गोष्टी टिपते. पात्र पानापानांवर ओळखू यावे, त्याच्या फ्रॉकचा रंग विनाकारण बदलू नये. चेहऱ्यावर भाव असावेत. सगळ्याच पात्रांचे डोळे गोल आणि हसू एकसारखे असेल तर राग, भीती, ओशाळणे ओळखायला मूल शिकणार कसे? तयार चित्रे संगणकावर एकत्र चिकटवून बनवलेली स्वस्त पुस्तके इथेच उघडी पडतात. झाडाची सावली एकीकडे, घराची दुसरीकडे. हत्ती आणि ससा एकाच उंचीचे.

शैलींत विविधता हवी. जलरंग, कापलेल्या कागदांची चिकटचित्रे, साधी शाईची रेघ, लोककला, या सगळ्यांची मुलांना ओळख व्हावी. चेन्नईच्या तारा बुक्सने वारली चित्रकारांसह केलेल्या ‘डू!’ या पुस्तकात क्रियापदे हाच विषय आहे. खुडणे, नाचणे, भांडणे अशा एकेका क्रियेभोवती पांढऱ्या आकृत्यांची गर्दी उसळते आणि मूल त्या गर्दीत गोष्टी शोधत बसते. पालघर-डहाणूच्या भिंतींवरची ही कला मुलाला आपल्याच राज्यातली म्हणून भेटते. एकाच गोड-गुलाबी शैलीची पुस्तके घेत राहिल्यास डोळ्यांची भूक तेवढ्यावरच थांबते.

विषयाच्या बाबतीत मराठी खरेदीदाराचा पहिला प्रश्न बहुधा ‘यातून काय शिकायला मिळते?’ असा असतो. इसापनीती आणि पंचतंत्र यांच्या छापील आवृत्त्यांनी शेवटी तात्पर्य छापायची सवय लावली आहे. तात्पर्यामुळे गोष्टीतले मुलाचे काम संपते. अर्थ काढण्याची संधी वाचणाऱ्याने हिरावून घेतलेली असते. खोडकर पात्राला शिक्षा झालीच पाहिजे, हट्टी मुलगी शेवटी सुधारलीच पाहिजे, अशी पुस्तके मुलाला लवकर ओळखू येतात आणि ते ती परत मागत नाही. उलट भीती, मत्सर, राग, मृत्यू हे विषय प्रामाणिकपणे हाताळलेले असतील तर त्यांना घाबरू नये. राक्षस पुस्तकात असतो, पुस्तक मिटता येते आणि वाचणाऱ्याची मांडी जवळ असते. या तीन गोष्टी एकत्र असताना मूल भीतीशी खेळून पाहते.

अमेरिकेतील अभ्यासक रुडाइन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मांडले की मुलांच्या पुस्तकांत आरसे हवेत आणि खिडक्याही. आरशात मुलाला स्वतःसारखे जगणे दिसते, खिडकीतून दुसऱ्याचे. मराठी पुस्तकांना ही कसोटी लावली तर कमतरता कुठे आहे ते लगेच कळते. शहरी, दोन खोल्यांच्या किंवा बंगलीतल्या घराची पुस्तके बरीच आहेत. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबातले, कोळीवाड्यातले, पाड्यावरचे, चाळीतल्या एका खोलीतले मूल मुख्य पात्र म्हणून कमी भेटते. वडील स्वयंपाक करताना आणि आई कामावरून परतताना दिसते का, सावळा रंग नायिकेला मिळतो का, चाकाच्या खुर्चीतले मूल दयेचा विषय न होता खेळात सामील असते का, हे पाहावे. दहा पुस्तके निवडताना सगळी खिडकीची किंवा सगळी आरशाची होऊ नयेत.

पुस्तकाच्या देहाकडेही लक्ष द्यावे. चित्रपुस्तक सहसा ३२ पानांचे असते, कारण मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा फर्मा होतो आणि दोन फर्म्यांत पुस्तक बसते. भारतात १६ आणि २४ पानांची, मध्ये पिना मारलेली पुस्तकेही बरीच निघतात. ती स्वस्त आणि हलकी असतात, पण मधली पाने लवकर निसटतात. मांडीवर वाचायला तळहाताएवढे पुस्तकही चालते. अंगणवाडीत वीस मुलांपुढे धरायचे असेल तर मोठा आकार आणि शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतील अशी ठळक चित्रे लागतात. बारीक तपशिलांचे पुस्तक तिथे वाया जाते. अतिचकचकीत कागदावर दिव्याचा उजेड चमकतो आणि अर्धे चित्र दिसत नाही. जोडपानाच्या मध्यावर पात्राचा चेहरा येऊन तो बांधणीत गिळला गेलेला नसावा. अक्षरे गडद रंगाच्या चित्रावर छापलेली नसावीत. वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरे स्वच्छ असावीत आणि ओळ अर्थाच्या ठिकाणी तुटावी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या पुस्तकाला सुटे मणी, बटणे किंवा निघणारे तुकडे नकोत.

खरेदीला मर्यादा असतात, म्हणून घरच्या साठ्याचा समतोल महत्त्वाचा. दहा पुस्तकांपैकी दोन निःशब्द किंवा जवळजवळ निःशब्द, दोन लयीची, तीन गोष्टींची, एक माहितीचे, एक दूरच्या प्रदेशाचे आणि एक मुलाने स्वतः निवडलेले, अशी विभागणी सुरुवातीला पुरे. बाकीची भर सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागातून, शाळेच्या पेटीतून आणि मुक्त भांडारांतून घालता येते. पडद्यावरचे चित्रपुस्तक अडीनडीला चालते, पण पान उलटण्याचे काम मुलाच्या बोटाकडून काढून घेणारे आणि स्वतःच मजकूर वाचणारे रूप दोन वाचकांपैकी एकाला कामावरून दूर करते.

दुकानात किंवा ग्रंथालयात एखादे पुस्तक हातात आल्यावर पाच मिनिटांत ते पारखता येते. आधी मजकूर झाकून चित्रे पाहावीत. मग चित्रांकडे न पाहता दोन पाने मोठ्याने वाचावीत. दोन्हीतून एकसारखेच कळले तर पुस्तक पोकळ. दोन्ही मिळूनच गोष्ट उभी राहिली तर ते चित्रपुस्तक. मग एखादे उजवे पान उलटून पाहावे की उत्सुकता वाढते का. शेवटी विसाव्या वेळी हे पुस्तक वाचताना कंटाळा येईल का, याचा प्रामाणिक अंदाज घ्यावा, कारण वाचणाऱ्याचा कंटाळा मुलाला आवाजात लगेच ऐकू येतो. यानंतरचा निकाल मुलाचा. तीन-चार वेळा वाचूनही जे पुस्तक मूल स्वतः उचलून आणत नाही ते कितीही नावाजलेले असले तरी काही महिने फळीवर ठेवावे. वय पुढे सरकल्यावर तेच पुस्तक उघडले जाते, किंवा ते दुसऱ्या मुलाच्या हाती देता येते.